हातानं बसेल तेवढंच

शनिवारी संध्याकाळी सासऱ्यांनी गवत कापायच्या मशीनचं फुटकं डोकं स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुनेपुढे ठेवलं आणि म्हणाले, "याच्या जागी नवीन बघू नकोस. सोमवारी मशीन शाळेत जमा करतो. हात गेला माझा."

छत्री हरवली म्हणून सांगावं इतक्या साध्या आवाजात त्यांनी हे सांगितलं. मग हात धुतले, आपलं ताट वाढून घेतलं आणि खाली मान घालून जेवले. जेवताना डावा हात वापरला. ते हल्ली महिनाभर चाललं होतं आणि घरातल्या कुणीही त्यावर अवाक्षर काढलं नव्हतं. या घराची रीतच तशी. एकमेकांसाठी जीव टाकतील, पण तोंडानं विचारतील तर शपथ.

ज्यांना गवताशी कधी घेणंदेणं पडलं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. या मशीनला लांब दांडा असतो, पण टोकाला पातं नसतं. तिथे वाटीएवढं प्लास्टिकचं डोकं गरगर फिरतं आणि त्यातून बाहेर आलेली नायलॉनची दोरी गवत छाटते. दोरी झिजून आखूड झाली की डोकं जमिनीवर हलकंच टेकवायचं, आतून आणखी दोरी सुटते. आत रीळ असतं आणि रिळाखाली एक झाकण. दोरी संपली की झाकण पिळून खोलायचं, रिळावर नवी दोरी गुंडाळायची आणि झाकण पुन्हा हातानं पिळून बसवायचं. बाकी सगळं मशीन ठणठणीत असलं तरी हे झाकण ज्याला खोलता येत नाही त्याचं काम पहिल्या रिळातच संपलं.

सून बागेच्या मशीनच्या दुकानात सुट्या भागांच्या काउंटरवर बसायची. अशी डोकी ती रोज विकायची. कुणाचं फुटलं, कुणाचं हरवलं, कुणाचं कुत्र्यानं नेलं, सगळ्यांची गाऱ्हाणी तिला पाठ होती. पण घरातल्या माणसाचं डोकं फुटून टेबलावर आलं तेव्हा तिनं अर्धं ताट तसंच बाजूला सारलं.

कारण सासऱ्यांचं काम म्हणजे नुसतं गवत कापणं नव्हतं. ते अंध मुलांच्या निवासी शाळेत माळी होते. शाळेत सगळीकडे सिमेंटच्या पायवाटा आणि दोन्ही अंगांना गवत. मुलं काठी टेकत चालतात ती वाटेच्या मधून नाही, कडेकडेनं. काठीचं टोक एकदा सिमेंटवर, एकदा गवतावर, टक आणि मऊ, टक आणि मऊ, असं करत ती वर्गात जातात, जेवायला जातात, मैदानावर तर धावत जातात. म्हणून ती कड सरळ लागते. गवत वाटेवर वाकलेलं चालत नाही, खरवडून मागे गेलेलंही चालत नाही. सासरे ती कड अशी राखायचे की बघत राहावं. सून लग्न होऊन आली तेव्हा एकदा डबा द्यायला शाळेत गेली होती आणि फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत ती कड पाहत चालत गेली होती. एवढी सरळ रेघ तिनं वहीतसुद्धा कधी मारली नव्हती. त्या दिवसापासून तिच्या मनात या माणसाबद्दल जो आदर बसला तो पुढे त्यांच्या घोरण्यानंही हलला नाही.

मनगटाची शीर दबली म्हणून त्यांचं ऑपरेशन झालं आणि ते रजेवर गेले, तेव्हा शाळेनं ठेकेदाराची माणसं लावली. त्यांनी गवत कापलं. पण मुलं मुख्याध्यापकांकडे जाऊन म्हणाली, वाट कुठे गेली ते कळत नाही, माळीकाका कधी येणार? हे ऐकून सासरे डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसाच्या दिवशीच कामावर हजर झाले. आणि पहिल्याच दिवशी चालत्या मशीनमधून झाकण सुटलं, रीळ उडून फुलझाडांत पडलं आणि दोरी वाटभर पसरली. मुलं वर्गात होती म्हणून कुणाला लागलं नाही. रात्री जेवताना सासऱ्यांनीच ते सांगितलं. "उलटे आटे असतात त्याला," ते म्हणाले. "सगळ्या जगाचं उजवीकडे पिळून घट्ट होतं, याचं डावीकडे. मीच कमी पिळलं असणार. हातात जोर राहिला नाही पहिल्यासारखा."

पुढे झाकण कधी सुटलं नाही. उलट खात्रीसाठी सासरे रोज सकाळी ते खोलून पुन्हा लावायला लागले, तर ते खोलायलाच जड जाऊ लागलं. शाळेचं मशीन रात्री घरीच असायचं; सासरे पडवीत ते मांडीत धरून झाकणाशी झटायचे, कुणी आलं की घाम पुसून उगाच दोरी मोजत बसायचे. त्या शनिवारी त्यांनी चिडून हातोडी मारली आणि झाकणाबरोबर डोकंही तडकलं.

रविवारी दुकान दुपारपर्यंतच असायचं. सून सकाळीच गेली आणि मांडणीवरून एकेक डोकं उतरवू लागली. जमा करतो म्हणाले तर म्हणोत. त्यांना चालेल असं एकही डोकं या जगात नाही, हे सिद्ध झाल्याशिवाय ती ऐकणार नव्हती.

"घरच्यासाठी ना?" दुकानाचे मालक म्हणाले. "मग ते दोरी आपोआप सोडणारं ने. टेकवायला नको, काही नको."

"त्याला मोठं इंजिन लागतं. आमचं मशीन छोटं आहे. दमून बसेल."

"मग झाकण न खोलता दोरी भरायची असते ते? आरपार दोरी घालायची आणि खालची मूठ फिरवत राहायची. हल्ली सगळे तेच नेतात."

ते तिच्याही मनात होतं. ते तिनं बाजूला ठेवलं. त्याच्याजवळ बिनरिळाचं ठेवलं, ज्याच्या भोकांत दोरीचे तयार तुकडे खोचायचे आणि झिजले की काढून टाकायचे. त्यात खोलायचं काहीच नसतं, लहान मूलही भरील. हेच बाबांना बरं, असं तिनं जवळजवळ ठरवलं होतं. शेवटी फुटलं होतं त्याच जातीचं, झाकण पिळायचं, तेही घेतलं, पण ते नुसतं आटे जुळवून बघायला.

आटे जुळवायला तिनं पिशवीतून फुटकं झाकण काढलं आणि काउंटरवरच्या दिव्याखाली धरलं. आणि ती तशीच थांबली.

झाकणाच्या कडेवर दोन समोरासमोरच्या बाजूंना बारीक दातांचे ओरखडे होते. ते पकडीचे होते. हातानं पिळणारा माणूस पकड लावत नाही. सासऱ्यांच्या हत्यारांत पकड नव्हतीच, पकड होती तिच्या नवऱ्याच्या सायकलच्या पिशवीत. तिनं झाकण फिरवलं. कडेच्या खाचांत काळ्या रबराचा चुरा अडकला होता. तसलं रबर घरात एकाच ठिकाणी होतं, बरण्यांची झाकणं उघडायची ती चकती, आणि ती सासूबाई कुणाच्या हाती देत नसत. आणि या दोन्हींच्या वरून, सगळ्या कडेला गोल फिरलेला, गुळगुळीत चकाकणारा पट्टा होता. तो कशाचा हे कळायला तिला दिव्याची गरज नव्हती. तो, वस्तूभोवती पट्टा आवळून फिरवतात त्या पट्ट्याच्या पान्याचा होता. पाना तिचाच होता.

रीळ उडाल्याचं ऐकलं त्या रात्रीपासून, भांडी झाली की ती पडवीत जायची आणि सासऱ्यांच्या मशीनचं झाकण पान्यानं थोडंसं आवळून यायची. थोडंसंच. पुन्हा सुटलं आणि मुलं वाटेवर असली तर, या धास्तीनं तिला त्याशिवाय झोप येत नसे. आणि याच काउंटरवर बसून ती प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायची, "हातानं बसेल तेवढंच पिळा, पाना लावू नका, मग खुलत नाही." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "डोकी चार नेते. राहिलेली उद्या परत आणते."

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं, सासूबाई तिथे होत्याच. झाकण टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "पकड कुणी लावली?"

नवऱ्यानं आधी छताकडे पाहिलं. हा माणूस खोटं बोलायला लागला की छताकडे बघतो, त्यामुळे लग्नापासून त्याचं एकही खोटं पचलेलं नाही. "सायकल ठेवायला जातो तेव्हा एकदा आवळायचो," तो म्हणाला. "बाबांना वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही. तुला कसं कळलं?"

"मी पण आवळायचे. पान्यानं."

"तू?" तो म्हणाला. "तू तर दुकानात..."

"माहीत आहे मला मी दुकानात काय सांगते ते."

दोघांनी मिळून सासूबाईंकडे पाहिलं. त्या ओट्याकडे तोंड करून, स्वच्छ असलेलंच पातेलं घासत होत्या. "पहाटे कपडे वाळत घालायला जाते," त्या वळून न बघता म्हणाल्या. "तेव्हा चकतीनं जरासं. जरासंच हो."

म्हणजे संध्याकाळी सासऱ्यांनी हातानं लावलेलं झाकण सायकलवाला पकडीनं आवळणार, त्याच्यावर सून पान्यानं आवळणार, त्याच्यावर सासूबाई रबरानं. आणि सकाळी तो बिचारा माणूस टाके पडलेल्या मनगटानं ते तिघांचं प्रेम खोलायला बसणार. अति तिथे माती म्हणतात ती हीच. काल आपणच लावलेलं झाकण आज आपल्यालाच खुलत नाही म्हटल्यावर कुठला माणूस आपला हात गेला असं समजणार नाही?

"आता सांगायचं कुणी?" नवऱ्यानं विचारलं, म्हणजे आपण नाही हे त्यानं आधीच ठरवलं होतं.

"सगळ्यांनी," सून म्हणाली आणि पिशवी उचलून पडवीकडे निघाली. मागून चपलांचा आवाज आला म्हणून तिला बरं वाटलं.

सासरे पडवीत मशीन पुसत होते. दुसऱ्याची वस्तू परत करताना ती लख्ख असावी म्हणून दांड्याच्या सांध्यांतली माती ते काडीनं काढत होते. ते पाहून सुनेला इतकं भरून आलं की वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं पळाली. तिनं सरळच सांगितलं. झाकण हातात दिलं, ओरखडे दाखवले, काळा चुरा दाखवला, पट्टा दाखवला, आणि कुठलं कुणाचं तेही सांगितलं. "तुमचा हात गेला नाही, बाबा. ते झाकण मलासुद्धा हातानं खुललं नसतं. कुणालाच नसतं."

सासरे झाकण फिरवत राहिले. मग सासूबाई पुढे आल्या.

"मी आधीपासूनच पिळत होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही कामावर गेलात ना परत, त्या पहिल्या सकाळपासून. म्हटलं ऑपरेशन झालंय, नीट लागलं नसेल." त्या थांबल्या. "उजवीकडे पिळलं होतं."

सुनेच्या ते पटकन लक्षात आलं, आणि नवऱ्याच्या जरा उशिरा. उजवीकडे म्हणजे सुटायच्या बाजूला. रीळ उडालं होतं ते सासऱ्यांनी कमी पिळलं म्हणून नव्हे. त्यांनी नीटच पिळलं होतं. बायकोनं काळजीपोटी ते ढिलं करून ठेवलं होतं.

"रात्री तुम्ही जेवताना उलटे आटे म्हणालात तेव्हा मी काय करून बसले ते मला कळलं," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मग दुप्पट जोर लावून डावीकडे पिळायला लागले."

सासऱ्यांनी झाकण खाली ठेवलं. ते रागावतील असं सुनेला वाटलं, आणि रागावले असते तर तो त्यांचा हक्क होता. महिनाभर त्यांनी कप डाव्या हातानं उचलला होता. शाळा सोडायला निघाले होते. पण ते एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "तिघांनी मिळून मला म्हातारं केलंत की."

मग ते हसले. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सासूबाई मात्र पदरात तोंड घालून रडत होत्या. सासऱ्यांनी उजवा हात पुढे करून बायकोचं मनगट धरलं आणि हसणं थांबेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

"दाखव काय आणलंस ते," ते मग सुनेला म्हणाले.

तिनं डोकी ओळीनं मांडली आणि काउंटरवर करते तशी सुरुवात केली. आपोआप दोरी सोडणारं ती मालकांच्या समाधानासाठी घेऊन आली होती, त्याचं वजन हातावर तोलूनच त्यांनी बाजूला सारलं. मूठ फिरवून भरायचं त्यांना आवडलं. त्यांनी आरपार दोरी घातली, बाण जुळवले आणि मूठ फिरवायला लागले. अर्धी दोरी आत गेली तेव्हा थांबले आणि मनगट चोळलं. "हे फिरवणं बाधेल मला," ते म्हणाले. "झाकण खोलायला जोर एकदाच लागतो. रिळावर दोरी गुंडाळणं तर बोटांचं काम, बसल्या बसल्या होतं. हे मात्र सगळं मनगटावर येतं."

"मग हे घ्या," सून म्हणाली आणि बिनरिळाचं पुढे केलं. "यात खोलायचं नाही, पिळायचं नाही. तुकडे खोचले की झालं. माझ्या मनात हेच होतं."

त्यांनी ते हातात घेतलं, तुकडे खोचून पाहिले, काढून पाहिले. "सोपं आहे," ते म्हणाले. "हाताला अगदी सोपं. पण दोरी झिजत जाते तशी कड आत जाते, सूनबाई. तुकडा नवा असताना कड एका जागी, झिजल्यावर चार बोटं अलीकडे. टेकवून दोरी सोडता आली तर लांबी सारखी राहते. मला तेवढं सांभाळून घेता येईल, मी डोळ्यांनी बघतोय. त्या पोरांना काठीनं कळायला पाहिजे ना."

सकाळपासून ती त्यांच्या हाताला काय झेपेल ते शोधत होती. त्यांच्या हाताला काय झेपेल हा प्रश्न त्यांनी सगळ्यांत शेवटी ठेवला होता. असा माणूस आपल्या घरात आहे, आपण त्याच्या पाया पडतो पण त्याला ओळखत नाही, असं तिला वाटलं.

"मग पहिल्यासारखंच?" तिनं विचारलं.

"पहिल्यासारखंच. हात पूर्वीइतका नाही, ते मला कळतं. पण निम्मा आहे. हे निम्म्यात होतं." त्यांनी झाकणवालं डोकं उचललं आणि मशीनला बसवलं. रीळ भरलं, दोरीची टोकं भोकांतून ओढून घेतली आणि झाकण डावीकडे पिळलं, हातानं, हूं न करता. मग मशीन पडवीच्या कोपऱ्यात उभं केलं. "सकाळी खुललं तर शाळेत जाईन कामाला. नाही खुललं तर जाईन जमा करायला. तोवर कुणी तिकडे फिरकायचं नाही."

ती संध्याकाळ या घरात कुणी विसरणार नाही. नवऱ्यानं सायकल अंगणातच ठेवली. सासूबाईंनी कपडे सकाळी उजाडल्याशिवाय वाळत घालायचे नाहीत असं जाहीर केलं. सुनेनं पाना दुकानाच्या पिशवीत टाकला आणि पिशवीला गाठ मारली. ताकाला जाऊन भांडं लपवणारी ही तीन माणसं एकमेकांवर पहारा ठेवून बसली, आणि पाणी प्यायला कुणी उठलं तरी उरलेली दोघं डोळे उघडून पाहायची.

सकाळी सासरे पडवीत आले. तिघं दारात उभी होती. त्यांनी मशीन आडवं केलं, गुडघ्यांत धरलं आणि उजवा हात झाकणावर ठेवला. एकदा पिळलं. झाकण हललं नाही. त्यांनी बोटांची पकड बदलली, तळवा पुरता टेकवला, खांद्यातून जोर आणला. मग आत काहीतरी सुटल्याचा बारीक आवाज आला आणि झाकण त्यांच्या हातात फिरलं.

सासऱ्यांनी झाकण पूर्ण काढलं, पाहिलं, रीळ नीट बसलंय का ते बघितलं आणि झाकण पुन्हा लावून पिळलं. मग उठायच्या ऐवजी त्यांनी मशीन तसंच तिघांच्या दिशेनं सरकवलं.

"या," ते म्हणाले. "बघा काय बघायचंय ते. माझ्यासमोर बघा. काळजी वाटते तर वाटू दे, पण माझ्यामागे नको."

सासूबाईंनी आधी हात लावून पाहिलं. "बसलंय," त्या म्हणाल्या आणि मागे झाल्या. नवऱ्यानं पाहिलं, आणि या वेळी छताकडे न बघता म्हणाला, "बसलंय."

सुनेनं झाकणावर हात ठेवला. जाणकाराचा हात तिचा. झाकण पक्कं होतं. अजून पाव वेढा जाईल एवढी जागाही होती, आणि तो पाव वेढा तिच्या बोटांत आलाच होता. गवत, मुलं, उडालेलं रीळ, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

"बसलंय का?" सासऱ्यांनी विचारलं.

"बसलंय, बाबा."

"मग सोड."

तिचा हात अजून तिथेच होता. तिनं सोडला.